रविवारचे जेवण आणि पांढरी वाइन

ऑगस्टमधल्या रविवारी दुपारी साडेबाराच्या सुमारास सान जिमिन्यानोच्या टेकडीखालच्या एका स्वयंपाकघरात खिडक्यांच्या लाकडी झडपा अर्ध्या ओढून घेतल्या जातात. बाहेर तोस्कानाचे ऊन द्राक्षांच्या रांगांवर सपाट पडलेले असते. आत काळोख नसतो, उजेडही नसतो. टेबलावरच्या पांढऱ्या कापडाला थोडी निळसर झाक आलेली असते. घरातली म्हातारी शिळ्या पावाचे तुकडे पाण्यात भिजवून पिळून ठेवते. त्यात टोमॅटो, काकडी, लाल कांदा, तुळशीच्या जातीतली बाझिलिकोची पाने, व्हिनेगर आणि सढळ हाताने घातलेले ऑलिव्हचे तेल. या पदार्थाला पांझानेल्ला म्हणतात. सोबत उकडलेला पांढरा घेवडा, सेजच्या पानांच्या वासाचा. मेंढीच्या दुधाचे चीज. आणि तोस्कानाचा तो प्रसिद्ध अळणी पाव, ज्यात मीठ म्हणून घालत नाहीत. यापलीकडे त्या जेवणात काही नसते. मांस नसते, शेवया नसतात. पाहुणे आले तरी यादी फारशी वाढत नाही.

आणि एक बाटली असते. ती अगदी शेवटी, सगळे बसल्यावर, फ्रीजमधून बाहेर येते आणि बाहेर येताच घामेजते. घरचा म्हातारा ती स्वतः उघडतो. हे काम तो मुलाला देत नाही, नातीला देत नाही. बूच निघताना होणारा आवाज त्याला लहान हवा असतो. मोठा आवाज झाला तर तो भुवया वर करतो, जणू कोणी देवळात शिंकले आहे. वाइन फिकट पेंढ्याच्या रंगाची असते. बारकाईने पाहिले तर कडेला किंचित हिरवट. तिचे नाव व्हेर्नाच्चा.

पहिला घोट जिभेच्या दोन्ही कडांना जागे करतो. त्यात फळाचा गोडवा असेल अशी अपेक्षा वासाने निर्माण केलेली असते, ती घोट पुरी करत नाही. हिरवे सफरचंद, लिंबाची साल, ओल्या दगडासारखे काहीतरी, आणि घोट गिळून झाल्यावर मागे राहणारी कडू बदामाची चव. ही शेवटची कडसर खूणच या वाइनची ओळख सांगते. इतर पांढऱ्या वाइन निरोप गोड घेतात, ही तसे करत नाही.

मराठीत या गुणाला काय म्हणावे, हा प्रश्न साधा नाही. आंबटाच्या बाबतीत मराठी भाषा दरिद्री मुळीच नाही. चिंचेचा आंबटपणा वेगळा, कोकमाचा वेगळा, कैरीचा, ताकाचा, लिंबाचा वेगळा, हे कोकणातले किंवा देशावरचे कोणतेही पोर सांगेल. पण ‘आंबट’ हा शब्द पेयाला लावताच त्यात नासल्याची शंका शिरते. ‘कुरकुरीत’ हा चिवड्याचा शब्द झाला. ‘करकरीत’ हा त्यातल्या त्यात जवळचा वाटतो, कारण कच्च्या कैरीची फोड दाताखाली येते तेव्हा आवाज, आंबटपणा आणि कोरेपणा असे तिन्ही अनुभव तो एकदम सांगतो. इटालियन माणूस मात्र या बाबतीत सुखी आहे. तो नुसते ‘फ्रेस्को’ म्हणतो. गार, ताजे आणि आंबटसर हे तिन्ही अर्थ त्या एका शब्दात राहतात. ओल्या गिलाव्यावर काढलेल्या चित्रालाही तोच शब्द. सान जिमिन्यानोच्या सांत’आगोस्तिनो चर्चमध्ये बेनोत्सो गोत्सोलीने १४६४-६५ मध्ये रंगवलेल्या भिंती पाहून आलेला प्रवासी खाली उतरून हा पेला तोंडाला लावतो, तेव्हा एकाच शब्दाच्या दोन घरांत तो अर्ध्या तासाच्या अंतराने जाऊन आलेला असतो.

मराठीची खरी अडचण पुढची आहे. ‘दारू’ या शब्दात देशी, विदेशी, हातभट्टी, वाइन, सगळे एका पोत्यात भरले जाते, आणि त्या पोत्याला उद्ध्वस्त घरांचा वास येतो. तो वास खोटा आहे असे कोणी म्हणू नये. द्राक्षासव आणि द्राक्षारिष्ट हे शब्द आहेत, पण ते औषधाच्या बाटलीवर गेले. वारुणी संस्कृत काव्यात राहिली. जेवणाच्या ताटाशेजारी, पावाच्या आणि मिठाच्या बरोबरीने ठेवायची वस्तू म्हणून द्राक्षरसाला मराठीत नाव नाही, कारण ती वस्तूच तेथे नव्हती. यात खंत करण्यासारखे काही नाही. ताक आणि सोलकढी आहेतच, आणि तेलकट घासानंतर जीभ धुऊन पुढच्या घासासाठी तयार करण्याचे काम त्या कमी कौशल्याने करत नाहीत. व्हेर्नाच्चाही टेबलावर नेमके तेच काम करते: तेल कापते, घेवड्याचा पिठूळपणा हलका करते, अळणी पावाला चव आणते. ती एकटी प्यायची वस्तू नव्हे. जेवणावाचून ती थोडी रुक्षच लागते.

व्हेर्नाच्चा या नावाची एक व्युत्पत्ती लॅटिनमधल्या ‘व्हेर्नाकुलुस’ या शब्दापाशी जाते. ती निर्विवाद नाही. लिगुरियाच्या किनाऱ्यावरील व्हेर्नात्सा या गावाकडेही काही जण बोट दाखवतात. पण पहिली व्युत्पत्ती मोहक आहे, आणि तिला एक आधारही आहे. इटलीत व्हेर्नाच्चा नावाची द्राक्षे अनेक आहेत आणि त्यांचा आपसात संबंध नाही. सार्डिनियातल्या ओरिस्तानोची वेगळी. मार्के प्रांतातल्या सेर्रापेत्रोनाची तर चक्क लाल. याचा अर्थ, ठिकठिकाणच्या लोकांनी आपापल्या द्राक्षाला ‘इथले’ एवढेच नाव दिले असावे. ‘व्हेर्ना’ म्हणजे घरात जन्मलेला गुलाम. त्यावरून ‘व्हेर्नाकुलुस’ म्हणजे घरचे, स्थानिक, देशी. हाच शब्द इंग्रजीतून महाराष्ट्रात आला आणि एका परीक्षेच्या नावात जाऊन बसला. व्हर्नाक्युलर फायनल पास झालेल्या शिक्षकांनी मराठी मुलांच्या किती पिढ्या शिकवल्या! आपल्या पदवीच्या नावात घरगड्याचा अर्थ दडला आहे, हे त्या ‘व्ह. फा.’ मास्तरांपैकी किती जणांना ठाऊक होते कोण जाणे.

सान जिमिन्यानोच्या जकातीच्या नियमांत या वाइनचा उल्लेख १२७६ मध्ये येतो. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे १२९० ची. मधे अवघी चौदा वर्षे. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही हे उघड आहे. पण घरची भाषा आणि घरचे पीक यांना लेखी प्रतिष्ठा मिळण्याचा तो काळ होता, एवढे म्हणता येईल. दान्ते १३०० च्या सुमारास फ्लॉरेन्सचा दूत म्हणून याच गावात आला होता. पुढे त्याने लोकभाषेच्या थोरवीवर ग्रंथ लिहिला, आणि लिहिला तो लॅटिनमध्ये. हा विरोधाभास मराठी वाचकाला अपरिचित वाटू नये. मातृभाषेतून शिक्षण द्यावे असे सांगणारे कितीतरी निबंध इंग्रजीत वाचले गेले आहेत.

दान्तेच्या महाकाव्यात, ‘पुर्गातोरिओ’च्या चोविसाव्या सर्गात, खादाडांच्या पायरीवर पोप चौथा मार्टिन उपास करत उभा आहे. त्याचे पाप असे की बोल्सेना सरोवरातल्या वाम माशांचा आणि व्हेर्नाच्चाचा त्याला फार लोभ होता. गावातले वाटाडे हे अभिमानाने सांगतात. ती व्हेर्नाच्चा याच गावची होती असे दान्तेने कोठेही म्हटलेले नाही, हे मात्र ते सांगत नाहीत. बोकाच्चोच्या ‘देकामेरोन’मध्ये, आठव्या दिवसाच्या तिसऱ्या कथेत, कालान्द्रिनो नावाच्या भोळ्या चित्रकाराला थापा मारल्या जातात: एक देश आहे, तेथे किसलेल्या चीजचा डोंगर आहे, आणि शेजारून व्हेर्नाच्चाचा ओहोळ वाहतो, त्यात पाण्याचा एक थेंबही नाही.

कथेतला हा शेवटचा तपशील वाचक हसण्याच्या भरात ओलांडून जातो. स्वर्ग कसा, तर जेथे वाइनमध्ये पाणी नाही. हे ज्याला स्वर्ग वाटते तो माणूस रोज काय पीत असेल?

टेबलाच्या टोकाला बसलेल्या म्हाताऱ्याला याचे उत्तर पुस्तकातून शोधावे लागत नाही. त्याचा जन्म १९४१ चा, आणि त्याच्या लहानपणीचे घर इथून दोन किलोमीटरवर, एका अर्धेलीच्या शेतावर होते. तोस्कानात शेकडो वर्षे शेती अशीच चाले. जमीन आणि घर मालकाचे, कष्ट कुटुंबाचे, आणि जे पिकेल ते निम्मे निम्मे. ‘मेद्झाद्रिया’ या तिच्या नावातच निम्मेपण आहे. शेतात द्राक्षांच्या वेगळ्या बागा क्वचितच असत. बांधावरच्या मेपलच्या झाडांवर वेल चढवलेले, आणि मधल्या पट्ट्यांत गहू. गहू, तेल, वाइन, वासरे, सगळ्याचे दोन भाग होत. दुसऱ्या महायुद्धानंतर कुळाचा वाटा त्रेपन्न टक्क्यांवर गेला. ते तीन टक्के मिळवण्यासाठी झालेल्या चळवळीबद्दल म्हातारा अजून आवाज चढवून बोलतो.

निम्मी वाइन कुळाची, असे कागदावर होते. पण कुळाच्या नावाने एक हिशेबाची वही असे. तीत बियाणे, खत, बैल, औषध, मागच्या वर्षीची तूट लिहिलेली. त्या वहीची भूक भागवायला वाट्याची चांगली वाइन विकली जाई. मग घरात काय राही? पिळून झालेला द्राक्षांचा चोथा. त्यावर पाणी ओतायचे, काही दिवस ठेवायचे, आणि जे उतरेल ते प्यायचे. त्याला ‘आक्वेरेल्लो’ म्हणत. जलरंगालाही इटालियनमध्ये हाच शब्द आहे. रंग असतो, पण आरपार दिसते. मार्च येईपर्यंत त्याला व्हिनेगरची कळा चढे. शेतावर जाणाऱ्या माणसांच्या हातात हीच सुरई असे. खरी वाइन मळणीच्या दिवशी मिळे, कारण त्या दिवशी शेजारची कुटुंबे कामाला येत आणि त्यांच्यापुढे अब्रू ठेवायची असे.

म्हाताऱ्याच्या वडिलांनी पांढऱ्या वाइनची पिंपे आयुष्यभर मालकाच्या तळघरात वाहिली. त्या वडिलांना तो ‘तुम्ही’ म्हणे. तेव्हाच्या शेतकरी घरांत मुले बापाला अरेतुरे करत नसत. आता नात आजोबाला बिनदिक्कत एकेरीत हाक मारते, आणि त्याला ते आवडते.

“नोन्नो, निदान आज तरी हा पेला घे,” ती म्हणते. तिने कोल्ले व्हाल देल्साहून स्फटिकाचे, उंच दांड्याचे पेले आणले आहेत. ते गाव काही मैलांवर आहे आणि काचेसाठीच ओळखले जाते. म्हातारा पेला उजेडाकडे धरतो, त्याचे कौतुक करतो, आणि बायकोपुढे सरकवतो. स्वतः पाण्याच्याच बुटक्या पेल्यात ओतून घेतो. नात एका वाइनविक्रीच्या दुकानात काम करते; परदेशी प्रवाशांना वास कसा घ्यावा, पेला कसा फिरवावा हे शिकवते. तिला हा पेला पाहवत नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकाला इथे कूळकायदा आठवेल. तेथे १ एप्रिल १९५७ पासून कसणाऱ्याला, निदान कायद्याच्या भाषेत, जमिनीचा मालक मानले गेले. तोस्कानात तसे झाले नाही. १९६४ च्या कायद्याने अर्धेलीचे नवे करार बंद केले, आणि १९८२ च्या कायद्याने उरलेसुरले करार खंडाच्या करारांत बदलण्याची वाट केली. पण तोवर माणसेच निघून गेली होती. जमीन मिळण्याची वाट न पाहता कुळांनी कारखान्यांची वाट धरली. हा म्हातारा १९६२ मध्ये, एकविसाव्या वर्षी, पोज्जीबोन्सीच्या एका फर्निचरच्या कारखान्यात लागला. त्याला महिन्याच्या महिन्याला पगार मिळू लागला, आणि त्या पगाराची दुसरी बाजू लिहायला कोणाकडे वही नव्हती. पुढच्या वर्षी वडील वारले. ओस पडलेल्या शेतांवर सार्डिनियाहून मेंढपाळ कुटुंबे आली. टेबलावरचे चीज त्यांच्यापैकीच एकाच्या वंशजाकडचे आहे. दगडी घरे परदेशी लोकांनी घेतली. म्हाताऱ्याचा जन्म ज्या खोलीत झाला तेथे आता पाहुणे उतरतात, आणि खाली, जेथे बैल बांधलेले असत, तेथे ‘शेतकऱ्याचे जेवण’ मिळते. त्या जेवणातही पांझानेल्लाच असतो. किंमत मात्र त्याच्या वडिलांनी वर्षभरात पाहिली नसेल इतकी.

तेथे दिल्या जाणाऱ्या माहितीपत्रकात या वाइनला सात शतकांची अखंड परंपरा असल्याचे लिहिलेले आहे. द्राक्षाच्या बाबतीत ते खरे आहे. पेल्यातल्या चवीच्या बाबतीत मात्र ते पटण्यासारखे नाही. चेस्टनटच्या पिंपात, अनेकदा सालीसकट आंबवलेली जुनी पांढरी वाइन पिवळी, जवळजवळ अंबरच्या रंगाची होई. ती जाड असे, तुरट असे आणि उन्हाळ्याला टिकत नसे. आजची फिकट, करकरीत, धारदार व्हेर्नाच्चा ही पोलादी टाक्यांची आणि शीतयंत्राची कन्या आहे. सप्टेंबरमध्ये द्राक्षे सकाळच्या गारव्यात तोडायची, हलकेच दाबायची, रस सालींपासून लगेच वेगळा करायचा आणि आंबण्याची क्रिया मंद तापमानावर रेंगाळू द्यायची. सुगंध उडून जात नाही, आंबटपणा शाबूत राहतो. ही रीत इकडे रुजली ती गेल्या काही दशकांत. १९६६ मध्ये स्थाननामाचे सरकारी संरक्षण मिळालेल्या इटलीतल्या पहिल्या वाइनमध्ये व्हेर्नाच्चाचा समावेश होता, आणि १९९३ मध्ये तिला त्याहून वरचा दर्जा मिळाला. परंपरेच्या नावाने जे विकले जाते ते बरेचसे पोलादाचे आणि विजेचे यश आहे. असे म्हटल्याने तिची गोडी कमी होत नाही. उलट, ज्या पिढीने आक्वेरेल्लो प्यायला त्याच पिढीच्या हयातीत ही वाइन रविवारच्या साध्या टेबलावर आली, ही घटना सातशे वर्षांच्या माहितीपत्रकापेक्षा अधिक मोलाची आहे.

यातली एक बाजू मात्र नातीला छळते. इटलीत माणशी वर्षाला शंभर लिटरहून अधिक वाइन पिण्याचे दिवस १९६० च्या दशकात होते. आता तो आकडा चाळीसच्या आसपास उतरला आहे. तिच्या वयाचे तरुण दुपारी जेवताना पाणी पितात. डॉक्टर तेच सांगतात, आणि डॉक्टरांचे चुकते असे नाही. गरिबांच्या घरी वाइन पोचली, आणि पोचेपर्यंत ती प्यायची सवयच ओसरू लागली. आठवड्यातून एकदा, रविवारी, एक बाटली चौघांत: या घरातला हा नेम आता पुष्कळांना जुनाट वाटतो.

नातीने एक प्रस्ताव मांडला आहे. त्या जुन्या घरात, पाहुण्यांच्या जेवणाच्या वेळी, आजोबाने येऊन बसावे. आक्वेरेल्लो कसा करत, वहीत काय लिहीत, पिंपे कशी वाहत, हे सांगावे. पैसे मिळतील, मुख्य म्हणजे लोकांना कळेल. तिचा हेतू चांगला आहे. माहितीपत्रकातले खोटे तिलाही बोचते. म्हातारा घेवड्याच्या ताटलीतले तेल पावाने पुसून घेतो आणि बराच वेळ बोलत नाही.

“त्या घरात मी जेवायला बसलो,” तो शेवटी म्हणतो, “तर माझ्या बापाच्या जागेवर कोण बसलेला असेल?”

“कोणीतरी जर्मन,” म्हातारी म्हणते, आणि सगळे हसतात. तोही हसतो. पण उत्तर तो देत नाही. नातही पुन्हा विचारत नाही. ती टोमॅटोचा उरलेला रस चमच्याने गोळा करत राहते.

जेवण संपत येते. झडपांच्या फटींतून येणारे उन्हाचे पट्टे जमिनीवरून भिंतीवर चढलेले असतात. शेतातल्या पिवळ्या वाळूत कधीकाळी समुद्र होता. नांगरताना शिंपले निघतात, आणि असे पाच-सहा शिंपले खिडकीच्या कट्ट्यावर मांडून ठेवले आहेत. बाटलीत तळाशी थोडी वाइन उरली आहे. ती आता तितकी गार नाही, आणि गारवा गेल्यावर तिचा कडसर बदाम अधिक स्पष्ट होतो. म्हातारा ती आपल्या बुटक्या पेल्यात ओतून घेतो. मग, रोजच्यासारखेच, सुरईतले पाणी त्यात घालतो, पेला भरेपर्यंत. रंग जवळजवळ नाहीसा होतो.

“नोन्नो!” नात ओरडते. “बारा युरोची बाटली आहे ती.”

“असू दे,” तो म्हणतो, आणि सावकाश पितो. म्हातारी पावाचे उरलेले टोक उद्यासाठी कापडात गुंडाळून ठेवते.